वर्तुळाच्या आत

खोली छान गार होती. पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या, पडदे ओढलेले होते, भिंतीकडच्या बाकांवर माणसं पेंगत किंवा पेपर वाचत बसली होती. पण त्यांत मावशी नव्हती. त्याने पुन्हा एकदा सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सकाळीच त्याने तिला फोन करून बजावलं होतं, की आज पारा कालच्याहून वर जाणार, तुझा मजला थेट गच्चीखालचा, भाजून निघशील, ऊन चढायच्या आत वाचनालयातल्या गार खोलीत जाऊन बस, तुझ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आणि मावशी म्हणाली होती, "जाते रे बाबा. भाच्याने एवढी खोली केली आणि मावशीच गेली नाही, तर लोक काय म्हणतील?" ती हसली, तोही हसला, आणि फोन ठेवताना त्याला फार बरं वाटलं होतं. आता ते बरं वाटणं आठवून त्याला कसंतरीच झालं.

"एक म्हातारी बाई आली होती का हो?" त्याने रखवालदाराला विचारलं. "ठेंगणी, केस बारीक कापलेले. बोलकी आहे. फारच बोलकी."

"नाही साहेब."

"येऊन गेली असेल."

"बोलकी असती तर लक्षात राहिली असती. इथे कुणी बोलतच नाही, आल्या आल्या डोळे मिटतात." रखवालदाराने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "कुठून यायची होती?"

"जुन्या वसाहतीतून."

"हां, मग नाही. मालधक्क्याच्या पलीकडून इथे कुणीच येत नाही. खोली उघडल्यापासून एक माणूस आलेला नाही. आम्हाला वाटलं, त्यांना त्यांची वेगळी दिली असेल."

रखवालदार हे सहज बोलून बाटल्या सरळ करायला वळला. त्याने मात्र पुन्हा दाराकडे पाहिलं. वेगळी खोली दिलेली नव्हती, हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? तो प्रादेशिक नियोजन कार्यालयात नियोजनकार होता. शहर आणि भोवतालची गावं मिळून पुढची वीस वर्षं कशी वाढतील, दवाखाने कुठे, झाडांचे पट्टे कुठे, कुठली तळी बुजवू द्यायची नाहीत, टेकडीवरचा वारा शहरात यायला कुठली वाट मोकळी ठेवायची, हे सगळं ठरवणारा आराखडा त्याच्या टेबलावर तयार होत होता. उन्हाळा पूर्वी पाहुण्यासारखा यायचा नि जायचा; आता घरजावयासारखा मुक्काम ठोकून बसत होता, आणि दर वर्षी माणसं मरत होती. म्हणून आराखड्यात उष्णतेचं एक प्रकरण आलं आणि ते त्याच्या वाट्याला आलं. झाडं वाढतील तेव्हा वाढतील, वारा येईल तेव्हा येईल, पण यंदाच माणसं वाचवायची तर गार खोल्या हव्यात, हा आग्रह त्याचाच. त्या कुठे द्यायच्या? त्याने भिंतीएवढा नकाशा टेबलावर पसरला, आणि संगणकावर चुटकीसरशी होणारं काम असूनही विद्यार्थीदशेतला पितळी कंपास काढून स्वतःच्या हाताने प्रत्येक खोलीभोवती वर्तुळ काढलं. म्हाताऱ्या माणसाला उन्हात चालवेल एवढं अंतर, ती त्रिज्या. वर्तुळात जे आलं त्याची काळजी मिटली. जे बाहेर राहिलं तिथे आणखी एक खोली. वाचनालयाचं वर्तुळ काढताना पेन्सिलीचं टोक जुन्या वसाहतीला वळसा घालून अलगद पुढे गेलं, मावशीची इमारत आत आली, आणि वसाहतीत द्यायची म्हणून आधी खुणावून ठेवलेली खोली त्याने रबराने पुसून टाकली. ती दुसरीकडे देता आली. एकाच कागदावर इतकी माणसं सावलीत आणल्याचा आनंद काही वेगळाच होता. त्या दिवशी तो शीळ घालत घरी गेला होता.

पाहणीला बरोबर आलेले कार्यालयाचे साहेब खूश होते. त्यांनी रखवालदाराची पाठ थोपटली, एक बाटली उघडून घोट घेतला, आणि पाणी आपणच गार केल्यासारखं मान डोलवत म्हणाले, "चला, पुढची खोली बघू."

"तुम्ही व्हा पुढे. मी जरा मावशीकडे जाऊन येतो. इथेच आहे, मागे."

"गाडीने सोडू का?"

"गाडीला वळसा पडेल, साहेब. चालत जवळ आहे."

हे तो बोलला तेव्हाही त्याला ते खरंच वाटत होतं. त्याने मावशीला फोन लावला. फोन बंद होता. पुन्हा लावला. मावशीचा फोन कधी बंद नसायचा; उलट तो चालूच राहायचा आणि पिशवीच्या तळातून तिच्या गप्पा, भांड्यांचे आवाज, जिन्यावरचं भांडण, सगळं त्याला कार्यालयात ऐकू यायचं. आता नुसतं एका अनोळखी बाईचं सांगणं, की हा क्रमांक बंद आहे. त्याने वाचनालयाचं मागचं दार ढकललं आणि भट्टीचं तोंड उघडावं तसं ऊन अंगावर आलं.

मागच्या भिंतीवर एसीची यंत्रं घुमत होती. आतली सगळी उष्णता ती मागच्या अरुंद बोळात ओकत होती, आणि बोळाच्या पलीकडे सिमेंटची भिंत होती. दोन पुरुष उंच, डावीकडे बघावं तर शेवट दिसत नाही, उजवीकडे बघावं तर नाही. तो तिच्यासमोर उभा राहिला. भिंत त्याला माहीत नव्हती असं नाही. पूर्वी इथल्या रेल्वे फाटकात माणसं मालगाडीखाली सापडू लागली म्हणून ती बांधली, तिची फाईल त्याच्याच कार्यालयातून गेली होती, आणि चांगलं झालं असंही त्याला तेव्हा वाटलं होतं. नकाशावर ती होती: दोन बारीक समांतर रेघा. त्या रेघांवरून त्याने स्वतः कंपास फिरवला होता. मावशीकडे तो सुटीच्या दिवशी गाडीने जायचा, दुसऱ्या बाजूने, मोठ्या रस्त्यावरून. वसाहतीची ही कड त्याने मोठेपणी कधी पायांखाली घातलीच नव्हती. लहानपणी मात्र रोज घातली होती. आई गेल्यावर मावशीने त्याला आपल्या घरी आणलं तेव्हा इथे लाकडी फाटक होतं, रूळ ओलांडले की वाचनालय. एकदा त्याला सणसणून ताप भरला होता. मावशी त्याला पाठुंगळी घेऊन याच फाटकातून वाचनालयामागच्या डॉक्टरांकडे धावली होती, तिच्या मानेचा घाम त्याच्या गालाला लागत होता आणि ती म्हणत होती, "आलंच हं राजा, आलंच." आणि खरंच लगेच आलं होतं. त्याच्या मनात वसाहत आणि वाचनालय यांच्यामध्ये तेवढंच अंतर होतं, एक "आलंच" म्हणण्याएवढं. नकाशाने तेच सांगितलं, आठवणीनेही तेच सांगितलं. दोघांनी संगनमत केलं आणि पायांना कुणी विचारलंच नाही.

पलीकडे जायचं तर उड्डाणपुलावरून. तो भिंतीच्या कडेने चालू लागला. ऊन वरून येत होतं, भिंतीवरून येत होतं, खालच्या डांबरातून येत होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. दुकानांची दारं अर्धी ओढलेली, एक कुत्रं गटाराच्या ओल्या कडेला पोट टेकून पडलेलं, त्याने डोळे उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. चालता चालता तो मनाशी हिशेब करत होता. मावशी निघाली असेल. त्याचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. शाळेत असताना तो घरातली प्रत्येक वस्तू लाकडी पट्टीने मोजायचा, पलंग, उंबरा, मांजराचं शेपूट. तेव्हापासून ती त्याला पट्टीराव म्हणायची, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची, आमचा पट्टीराव मोजल्याशिवाय बोलत नाही. म्हणजे ती निघाली असेल. निघून या भिंतीपाशी आली असेल. मग परत फिरली असेल? मावशी आणि परत फिरणार? ती भिंतीच्या कडेने पुलाकडे चालू लागली असेल, पट्टीरावाने जवळ म्हटलंय म्हणजे जवळच असणार, असं म्हणत. आणि मग कुठेतरी, या लांबलचक पांढऱ्या रस्त्यावर कुठेतरी, तिने जरा टेकावं म्हटलं असेल. मन चिंती ते वैरी न चिंती. समोर पडलेलं गोणपाट त्याला लांबून माणूस वाटलं आणि तो धावला, गोणपाटच होतं. पुढे एका खांबापाशी एक चप्पल पडलेली दिसली. पुरुषाची होती, तरी त्याने ती पायाने उलटी करून पाहिली.

आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई त्याला आठवत होत्या. नको असताना आठवत होत्या. आराखड्याच्या समितीत त्या टेबलाच्या टोकाला बसायच्या, कमी बोलायच्या, आणि बोलल्या की बिस्किटाकडे गेलेले हात थांबायचे. त्या म्हणाल्या होत्या, पूर आला की लोक छपरावर चढून ओरडतात. उन्हाने माणूस मरतो तेव्हा आवाज होत नाही. तो बसतो. त्याला वाटतं, जरा बसावं. शेजाऱ्यांना वाटतं, बसलाय. घाम येतोय तोवर ठीक, त्या म्हणाल्या, घाम यायचा थांबला आणि माणूस कोरडा पडला, की समजायचं शरीराने हात टेकले. मग बगलेत, मानेला, जांघेत जे गार मिळेल ते लावायचं, आणि विचार करत बसायचं नाही. त्याने ते सगळं लिहून घेतलं होतं, उष्णतेच्या प्रकरणात एका चौकटीत घातलंही होतं. त्याच बैठकीत बाईंनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघून विचारलं होतं, "ही वर्तुळं चालून बघितलीत का?" आणि तो म्हणाला होता, "बाई, आम्ही चालायला लागलो तर आराखडा नातवंडांच्या हातात पडेल." सगळे हसले. साहेब तर पोट धरून हसले. बाईही हसल्या होत्या का? हे आठवणं त्याला आता एकदम फार महत्त्वाचं वाटू लागलं. त्यांनी चष्मा काढून पुसला होता एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

पुलाच्या चढावर त्याची छाती धडधडायला लागली. झाड नाही, छप्पर नाही, बाजूचे लोखंडी कठडे हात लावू देत नव्हते. पदपथ म्हणून जी पट्टी होती ती दोन पावलांची, तिच्यावरही कुणीतरी खडी टाकून ठेवलेली. मावशीचे गुडघे इथे काय म्हणाले असतील? त्याने कपाळावरून हात फिरवला. ओला होता. हायसं वाटून त्याने तो हात पँटीला पुसला आणि दहा पावलांवर पुन्हा फिरवून पाहिला. माथ्यावर पोचल्यावर मात्र त्याला खालचं सगळं दिसलं, नकाशासारखंच, वरून: मधोमध मालधक्क्याचे रूळ, दोन्ही अंगांना दोन भिंती, अलीकडे वाचनालयाचं लाल छप्पर, पलीकडे वसाहतीच्या राखाडी गच्च्या. किती जवळ! बोटाच्या पेराएवढं अंतर. कुणाला वरून बघायला सांगा, तोही हेच म्हणेल, अहो, हे तर हाकेच्या अंतरावर आहे. त्याला चक्कर आल्यासारखं झालं. ऊन असेल, नाहीतर भीती असेल. त्या वर्तुळांमध्ये आणखी काय काय असेल? कुठे नाला, कुठे कारखान्याचं कुंपण, कुठे चार पदरी रस्ता. प्रत्येक वर्तुळात कुणाची तरी मावशी, हातात पिशवी घेऊन निघालेली. हे सगळं त्याच्या मनात एका क्षणात आलं आणि तितक्याच लवकर विझलं. मोठमोठे विचार करायला जीव थाऱ्यावर लागतो, आणि त्याचा जीव एका म्हातारीत अडकला होता. बाकीच्या जगाचं काही का होईना, आपली मावशी तेवढी असू दे, असं तो मनात म्हणाला, आणि असं म्हणाल्याची त्याला लाजही वाटली नाही.

पूल उतरून तो वसाहतीच्या बाजूच्या भिंतीलगत परत मागे चालू लागला. आता भिंत उजव्या हाताला होती आणि तिची हातभर सावली पायांशी पडली होती. जुन्या फाटकाची जागा लांबूनच ओळखू आली. तिथला सिमेंटचा रंग वेगळा होता, बुजवलेल्या दारासारखा. आणि त्या जागेपाशी, भिंतीला पाठ टेकून, कुणीतरी बसलं होतं.

म्हातारी होती. डोक्यावर कापड ओढलेलं, मांडीवर पिशवी, मान एका बाजूला कललेली. जवळ जाईपर्यंतची ती पावलं त्याने कशी टाकली ते त्याला कळलं नाही. मग त्याला तिचा हात दिसला. पिशवीवर ठेवलेल्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात काहीतरी उन्हात चमकत होतं: अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून शिवणारी माणसं घालतात ती धातूची टोपी. मावशीने जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता. त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा ती शेजारणींकडून लावून आणायची. त्याने वाकून चेहरा पाहिला. लांबट, अनोळखी चेहरा, केस लांब, अंबाडा घातलेला. मावशी नव्हती. त्याच्या जिवात जीव आला. इतका, की त्याला चक्क हसू फुटलं. बिचारी सावली बघून बसली असेल, कामावरून परत जाता जाता. डोळे मिटलेले, चेहरा शांत, कोरडा, आपल्यासारखी घामाची आंघोळ नाही. बसू दे. तो दबक्या पावलांनी तिच्याजवळून पुढे गेला, उगाच झोपमोड नको म्हणून, आणि वसाहतीच्या गल्लीत वळला.

जिना तो एका दमात चढला. दारावर थाप मारली. आत काही हललं नाही. पुन्हा मारली, मग दोन्ही हातांनी मारली, आणि तेवढ्यात आतून ओळखीचा आवाज आला, "अरे हो, हो! दार माझं आहे, सरकारी नाही!"

मावशी दारात उभी होती. डोक्यावर ओला टॉवेल, पायही ओले, घरभर पाणी शिंपडलेलं. खिडक्यांना चादरी बांधल्या होत्या. तिने त्याला खालून वर पाहिलं. "पट्टीराव! या उन्हात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लाल झालायस नुसता. बस आधी."

तो बसला नाही. त्याने तिचा हात धरला. हात ओला होता, गार होता. त्याला रडू येईल असं वाटलं. "फोन का बंद तुझा?"

"तापत होता रे. हातात धरवेना. म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला, तर रुसलाच मेला." तिने टेबलाकडे बोट दाखवलं. फडक्यातला फोन बाळंतिणीच्या बाळासारखा निजवलेला होता. तो हसला. हसता हसता भिंतीला टेकला. तिने पाण्याचा पेला दिला, तो त्याने घटाघटा प्यायला, दुसरा प्यायला. भीती अंगातून उतरत होती, चढलेला ताप उतरतो तशी, आणि तिच्या मागे एक गोड थकवा येत होता.

"गेली नाहीस ना पण," तो म्हणाला. "सांगितलं होतं तरी."

"निघाले होते. तुझा शब्द कधी मोडलाय? पण खालच्या पायरीशी गेले आणि गुडघा म्हणाला, बाई, आता मी काही येत नाही, तू एकटी जा." ती पलंगावर टेकली. "मग म्हटलं, आपण नाही तर नाही, पण खोली फुकट जायला नको. शिलाईवालीला पाठवलं."

"कुणाला?"

"अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत राहते ती. नवीनच आलीय. वर पत्रा, आत इस्त्री. जिवंत भाजायची ती. तिला म्हटलं, जा, माझ्या भाच्याने केलेली खोली आहे, फाटकातून गेलं की समोरच. येईचना. म्हणे, काजं करायची राहिलीत. म्हटलं, शर्ट घे पिशवीत, तिथे गारव्यात बसून कर की. ढकललीच शेवटी. इतकी घाईत गेली, बोटातलं अंगुस्तानही काढलं नाही." मावशी कौतुकाने हसली. "भेटली असेल ना तुला तिथे? काय म्हणाली? बसलीय ना गार?"

पेला त्याच्या हातात होता. तो त्याने टेबलावर ठेवला, फोनच्या शेजारी, अगदी जपून. "मावशी," तो म्हणाला, "फाटक तर केव्हाचं बुजवलं."

"अरे हो, ती भिंत..." मावशीचा हात तोंडाशी गेला. "पण तूच म्हणालास, हाकेच्या अंतरावर. मला वाटलं, उघडलं असेल परत. तू मोजल्याशिवाय थोडाच बोलशील?"

तो जिन्यावर होता. कधी निघाला ते त्याला आठवत नव्हतं. मागून मावशी ओरडत होती, टोपी तरी घाल, आणि मग नुसतं त्याचं नाव, खरं नाव, जे ती एरवी घेत नसे. शांत चेहरा. कोरडा. घामाची आंघोळ नाही. त्याने पाहिलं होतं. सगळं नीट पाहिलं होतं, आणि त्याला बरं वाटलं होतं. प्रकरणात चौकट घालून ज्याने लिहिलं तोच तिच्याजवळून दबक्या पावलांनी गेला होता. मावशी नव्हती ना, मग झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा; पण म्हण आठवून त्याची सुटका होत नव्हती. पळता पळता त्याने फोन काढून रुग्णवाहिकेला लावला.

"पत्ता सांगा."

"जुनी वसाहत. भिंतीपाशी. फाटक होतं तिथे."

"फाटक दिसत नाही इथे. जवळची खूण सांगा."

"वाचनालय," तो म्हणाला, आणि म्हणताच त्याला चूक कळली. "नाही, नाही! वाचनालय लिहू नका!"

"वाचनालयाच्या मागे, असं लिहिते."

"मागे नाही! मध्ये भिंत आहे. तिकडे आलात तर पोचणार नाही. पुलावरून वसाहतीच्या बाजूला उतरा, मग भिंतीच्या कडेने. ऐकू येतंय का? वसाहतीच्या बाजूला."

"ओरडू नका, साहेब. नकाशावर मला दिसतंय, जवळच आहे ते. गाडी निघालीय."

फोन कटला. तो गल्लीच्या तोंडाशी आला. ती तशीच बसली होती. सावली मघापेक्षा थोडी सरकली होती आणि पावलांवर ऊन आलं होतं, पण तिने पावलं आत घेतली नव्हती. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला, ऊन आपल्या पाठीवर घेतलं, आणि तिचा हात हातात घेतला. तव्यासारखा तापला होता, कागदासारखा कोरडा. श्वास होता. उथळ, घाईचा, पण होता. पाणी? पाणी त्याने आणलं नव्हतं. दोन पेले पिऊन रिकाम्या हातांनी धावत आला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तेव्हा त्याला तो आवाज ऐकू आला, एकसुरी, घुमणारा, भिंतीच्या पलीकडून, रुळांच्या पलीकडून: वाचनालयाच्या एसीची यंत्रं. इतका वेळ ती बाई हा आवाज ऐकत बसली असेल.

तो उभा राहिला आणि त्याने बोंब ठोकली. शब्द नव्हते, नुसती हाक, घसा फाटेल अशी. दुसरी मारली, तिसरी मारली. मग पलीकडून, पातळसा, पण स्पष्ट, रखवालदाराचा आवाज आला.

"कोण आहे? कुठून ओरडताय?"

"भिंतीच्या इकडून! पाणी टाका! गार बाटल्या! माणूस मरतंय इथे!"

मग रुळांवर कुणीतरी धावल्याचा आवाज आला. पलीकडची भिंत रखवालदार कशी चढला आणि या भिंतीपाशी कसा आला, देव जाणे. भिंतीवरून पहिली बाटली आली ती डांबरावर आपटून फुटली. दुसरी त्याने छातीवर झेलली. तिसरी, चौथी. त्याने त्या बाईच्या मानेशी लावल्या, बगलांत खुपसल्या, एक डोक्यावर ओतली. पाणी केसांतून गालांवर उतरलं आणि पिशवीतल्या शर्टांवर पडलं. "आणखी हव्यात?" पलीकडून रखवालदार ओरडत होता. "टाका, टाकत राहा," हा इकडून ओरडत होता. तिचं अंगुस्तान घातलेलं बोट किंचित हललं. पापण्या फाटल्यासारख्या उघडल्या. तिला तो दिसत होता की नाही कोण जाणे, तिने विचारलं, अगदी नम्रपणे, वाट विचारावी तसं, "खोली... अजून किती लांब आहे हो?"

"आलंच," तो म्हणाला. "आलंच हं."

मागून वसाहतीतून मावशी येत होती, गुडघ्याला शिव्या देत, डोक्यावर ओला टॉवेल नि हातात बादली घेऊन. लांबवर सायरन वाजला. त्याने मान वर केली. आवाज मोठा होत होता, जवळ येत होता, आणि दोन्ही भिंतींच्या मध्ये घुमत होता. तो भिंतीच्या कुठल्या बाजूने येतोय, ते मात्र त्याला कळेना.